गडद निळ्यावर दोन रंग

समोरून माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला जाते, चेहऱ्याकडे नंतर. नाशकात द्वारकेच्या सिग्नलला कंपनीचा शर्ट घातलेला कोणी मोटारसायकलवाला शेजारी येऊन थांबला, की दिवा हिरवा होईपर्यंत मी त्याच्या खिशावरचं भरतकाम वाचत राहतो. एका पेट्रोलपंपावर एकदा गणवेशातल्या बाईंनी विचारलं, “काका, काय बघताय?” मी खरं ते सांगितलं, “टाके.” त्यांनी हातातली नळी अशी काही उगारली, की त्या दिवसापासून मी फक्त पुरुषांचेच शर्ट वाचतो.

ही सवय नुसती धंद्याची नाही, तिच्यात धास्ती आहे. गडद शर्टावरचं एखादं बोधचिन्ह विटलेलं किंवा न वाचता येणारं दिसलं, की मी मनातल्या मनात जुन्या ऑर्डरी चाळू लागतो. हे आपल्याकडून गेलेलं तर नाही? शर्ट पुण्याच्या कंपनीचा असला तरी चाळतो. माझा स्वभावच तसा आहे. शेजाऱ्याचं दूध नासलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. घरचे हसतात. हसू देत. मला लिहायचं आहे ते ज्याच्यापुढे माझा हा स्वभाव थिटा पडला अशा एका माणसाविषयी. पण त्याआधी धंदा समजावून सांगायला हवा, कारण शर्टावरच्या नावाला धागा निवडणं हे पोट भरण्याचं काम असू शकतं, यावर माझ्या सख्ख्या मेव्हण्याचाही अजून विश्वास नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात माझं भरतकामाचं यंत्र होतं. नव्वदच्या दशकात संगणकावर चालणारी ही यंत्रं नाशकात नवीन होती. त्याआधी गणवेशावर कंपनीचं नाव छापलेलं असायचं आणि काही धुण्यांत ते निघून जायचं. मग एकेका कारखान्याला भरतकामाची आवड लागली. शर्ट मात्र सगळ्यांना गडद हवा, कारण त्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. माझी भाकरी तिथे सुरू झाली, आणि डोकेदुखीही.

गिऱ्हाईक येताना व्हिजिटिंग कार्ड घेऊन येतं. कार्ड पांढरं असतं, त्यावर निळं-लाल चिन्ह झोकात दिसतं. तेच चिन्ह त्याच रंगांत गडद निळ्या शर्टावर भरलं, तर निळा भाग कापडात बुडून जातो आणि लाल भाग लांबून तपकिरी दिसतो, कोणी पान खाऊन शिंतोडा उडवल्यासारखा. मग मला सांगावं लागतं, की साहेब, तुमचा निळा निळाच दिसायला हवा तर मला आकाशी धागा घ्यावा लागेल, आणि लाल लालच दिसायला हवा तर त्यात थोडी नारिंगी झाक लागेल. “म्हणजे आमच्या कंपनीचा रंग बदलणार तुम्ही?” “नाही साहेब. कंपनीचा राहावा म्हणून धाग्याचा बदलणार.” हे मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो, की झोपेतही बोललो असेन.

धागा कोनावर, म्हणजे निमुळत्या रिळावर, गुंडाळलेला असतो तेव्हा फसवतो. तिथे त्याचे थरावर थर असतात, रंग दाट दिसतो. कोन कापडावर ठेवून रंग ठरवणारा माणूस हमखास बुडतो. एक पदर ओढून कापडावर आडवा टाकायचा, दारात उन्हात बघायचा, मग आत ट्यूबलाइटखाली बघायचा. शुभ्र पांढरा धागा गडद निळ्यावर चुन्याच्या बोटासारखा भसकन दिसतो. किंचित राखाडी झाक असलेला घेतला, तर तोच जास्त पांढरा आणि शांत दिसतो. एकच धागा उभ्या टाक्यात उजळ दिसतो, आडव्या टाक्यात मंद. खालच्या बॉबिनमध्ये पांढरा दोरा राहून गेला, तर काळ्या शर्टावर अक्षरांच्या कडेनं कोंडा पडल्यासारखे ठिपके येतात.

आणि शेवटची परीक्षा म्हणजे नमुना भिंतीला टांगायचा, लांब जाऊन उभं राहायचं, आणि डोळे किलकिले करून बघायचं. डोळे अर्धवट मिटले की रंग मागे पडतात, उरतो नुसता उजेड आणि अंधार. गडद कापडावर माणूस लांबून रंग वाचत नाही, उजेड वाचतो. धागा कापडापेक्षा पुरेसा उजळ असला की नाव दिसलंच. बाकी सगळं त्यानंतर.

ही परीक्षा एकदा मला उलटीच पडली. निफाडकडचे एक भाऊसाहेब द्राक्षं परदेशी पाठवायचे. पॅकिंग शेडमधल्या माणसांसाठी त्यांना बाटलीहिरवे शर्ट हवे होते, आणि त्यावर द्राक्षाचा हिरवा घड. हिरव्यावर हिरवं! मी घडाला पिवळसर पोपटी धागा निवडला. लांबून घड असा उठून दिसायचा, की मी स्वतःवर खूश होतो. भाऊसाहेबांनी नमुना हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

“ही लय पिवळी झाली.”

“उठून दिसतात, भाऊसाहेब.”

“दिसत्यात ना, तेच तर! आशी पिवळी द्राक्षं धाडली तर कंटेनर माघारी येतो माझा. उद्या तिकडनं पावणे शेड बघाया आले, आन् मान्सांच्या छातीवरच पिकून पडलेला माल दिसला, तर काय इज्जत ऱ्हाईल?”

शेवटी एकेक मणी फिकट, दुधी हिरव्यात भरून आणि भोवती रुपेरी राखाडी रेघ ओढून आम्ही तो घड निर्यातीच्या लायकीचा केला. भाऊसाहेबांनी मणी अंगठ्यानं दाबून पाहिले. “हां. आता बरोबर हाय.”

दुसरे एक गृहस्थ पहारेकरी पुरवायचे. त्यांना काळ्या शर्टावर काळा गरुड हवा होता. मी म्हणालो, “गरुड दिसणार नाही.” ते म्हणाले, “दिसायला नकोच. चोराला जाणवला पाहिजे.” भरून दिला. चोरांचा अभिप्राय माझ्यापर्यंत आला नाही.

चांदवडकर साहेब या सगळ्यांहून वेगळे. अंबडच्या एका कारखान्यात ते स्टोअरचे प्रमुख होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. हातमोज्यांपासून बेअरिंगपर्यंत सगळं त्यांच्या खिडकीतून बाहेर जायचं, गणवेशही. नंतर शेडमधल्या सुरक्षिततेचं कामही कारखान्यानं त्यांच्याकडे दिलं. हे काम त्यांनी मागून घेतलं होतं, आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. जेवणाच्या सुट्टीतही ते शेडमधून एक फेरी मारायचे. कोणाच्या डोक्यावर टोपी नाही, कोणाचा बूट फाटलाय, हे लांबूनच ओरडून सांगायचे. माणूस तिरकस, पण शिव्या खाणारेही त्यांच्यावर जीव टाकायचे.

इतर अधिकारी माझ्या नमुन्यापुढे कार्ड धरून वाद घालत. चांदवडकर साहेब तसं कधी करत नसत. नमुना हात लांब करून धरत, क्षणभर बघत आणि सांगत, “खालची ओळ बुडतेय.” मी गाळ्यावर येऊन भिंतीला टांगून बघायचो, तर खालची ओळ खरंच बुडत असायची. मला डोळे मिचकावून, मागे सरकून जे कळायचं, ते त्यांना टेबलापाशी बसल्या बसल्या कळायचं. मला त्यांच्या नजरेचा हेवा वाटायचा.

एकदा कारखान्याच्या क्रिकेट संघासाठी मी दोन नमुने नेले, एक विटकरी आणि एक हिरवा. त्यांनी दोन्ही उलटसुलट केले.

“दोन्ही एकाच धाग्यात का आणलेत?”

मला थट्टा वाटली, मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी नमुने टेबलावर ठेवले, आणि मला कळलं.

“लहानपणापासून आहे,” ते म्हणाले. “लाल-हिरव्याच्या काही छटा मला वेगळ्या कळत नाहीत. पूर्वी मिरची पिकली की नाही ते आई सांगायची, आता बायको सांगते. इथे काही अडत नाही. पण हे कुठे बोलू नका.”

मी बोललो नाही. उलट त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. आम्ही रंग बाजूला सारून उजेड बघायला शिकतो. त्यांना दुसरा काही मार्ग नव्हता, आणि त्यातूनच त्यांनी माझ्यासारख्यालाही न साधलेली नजर कमावली होती.

पुढे त्या कारखान्यात एक नवी पद्धत आली. छताखालून क्रेन चालते त्या मोठ्या शेडमध्ये, जमिनीवर उभा राहून एक जण क्रेनवाल्याला हातानं इशारे देतो. घे, थांब, डावीकडे, खाली. वर केबिनमध्ये बसलेला माणूस त्याच्या हातांवर विसंबून टनावारी लोखंड हलवतो. वरिष्ठांनी ठरवलं, की ज्याचं प्रशिक्षण पूर्ण झालंय त्याच्या बाहीवर हिरवा बिल्ला असेल, आणि जो अजून शिकतोय त्याच्या बाहीवर नारिंगी. नारिंगीवाल्यानं इशारा द्यायचा नाही. दोन्ही बिल्ले गोल, शर्ट गडद निळे. रंग वरून ठरून आले होते, मी फक्त छटा निवडायच्या होत्या.

पहिला नमुना बघायला कामगारांचे प्रतिनिधी खैरनार स्वतः माझ्या गाळ्यावर आले. सटाण्याकडचे, आवाज खणखणीत. बोलायला सुरुवात करायचे शहरी मराठीत, पण चिडले की आपल्या गावात पोचायचे.

“हे काय? शिकाऊ माणूस दिव्यासारखा चमकतोय, आणि जुना माणूस मळकट?”

खरं होतं. निळ्यावर नारिंगी झळकत होता, हिरवा मंद दिसत होता. मी हिरवा उजळ केला, नारिंगी जरा दबवला. खैरनार पुन्हा आले.

“आता नवा माणूस दबला. का? नवा माणूस काय कमी शे का? कायम नाही म्हणून कपडाबी उतरता द्यायचा का त्याला?”

“तसं नाही, खैरनारभाऊ.”

“मग दोन्ही सारखे उठून दिसले पाहिजेत. कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही.”

मागणी मला मनापासून पटली. धाग्यांच्या छटांच्या कार्डावरच्या सगळ्या हिरव्या आणि नारिंगी धाग्यांचे पदर काढून मी निळ्या कापडावर शेजारी शेजारी टाकले. उन्हात बघितले, सावलीत बघितले, आणि शेवटी दोन छटा अशा जुळवल्या, की डोळे किलकिले केले तर दोन्ही बिल्ले तंतोतंत सारख्या उजेडानं तरंगत. इतकं नेमकं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. खैरनारांनी पाठ थोपटली.

मग नमुना चांदवडकर साहेबांकडे गेला. त्यांनी हात लांब करून बघितलं.

“दोन्ही छान दिसतात.”

मी आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, वेगळे दिसतात का?”

“नाही. पण मी माणसं चेहऱ्यानं ओळखतो. शेडमधला एकेक जण मला ठाऊक आहे.”

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझं मन माझ्या जुळलेल्या रंगांतच रमलं होतं. मी मान हलवली आणि कामाला लागलो.

शर्टांचा पहिला गठ्ठा गेला. उरलेले द्यायला मी एका सकाळी कारखान्यात गेलो, तर शेडमध्ये क्रेन बंद होती आणि एक मोठा लोखंडी रॅक आडवा पडलेला होता. चांदवडकर साहेब खिडकीत उभे होते. त्यांनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही.

“काल इशारेवाला जेवायला गेला होता,” ते म्हणाले. “एक अवजड लोखंडी साचा लगेच हलवायला हवा होता. मी शेडमध्येच होतो. समोर बिल्लेवाला एक जण दिसला. त्याला म्हणालो, जा, तू उभा राहा. त्यानं हात चुकीचा दाखवला. साचा झोका खाऊन रॅकवर आपटला.”

“कोणाला लागलं?”

“रॅकपाशी कोणी नव्हतं म्हणून नाही.”

तो माणूस दत्तू गांगुर्डे. चाळिशीचा, आधीचा कारखाना बंद पडल्यावर इथे तात्पुरता लागलेला आणि कायम होण्याची वाट बघणारा. दुसऱ्या खात्यातून तो नुकताच या शेडमध्ये आला होता, त्यामुळे साहेबांना त्याचा चेहरा ओळखीचा नव्हता. मॅनेजरांचं म्हणणं सरळ होतं. दत्तूला इशारा द्यायचा अधिकार नव्हता, तरी त्यानं दिला, तेव्हा त्याला काढून टाका. दत्तू सांगत होता, की मला साहेबांनी पाठवलं. त्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. टोपी नसली तरी ओरडणारे चांदवडकर साहेब शिकाऊ माणसाला क्रेनखाली पाठवतील? मग खोटं बोलतोय म्हणून त्याच्यावरचा राग आणखीच वाढत होता. दुपारी मॅनेजरांच्या केबिनमध्ये निकाल व्हायचा होता.

साहेबांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. केबिनबाहेरच्या बाकावर दत्तू बसला होता, मांडीवर हात ठेवून, बाही आमच्याकडे करून.

“त्याच्या बाहीवर कुठला रंग आहे?”

“नारिंगी.”

“नक्की?”

“नक्की, साहेब.”

ते खुर्चीत बसले. कालपासून त्यांना वाटत होतं, की कागदोपत्री तो शिकाऊ असला तरी त्याच्या बाहीवर हिरवाच बिल्ला होता आणि तो बघूनच आपण पाठवलं. आता त्यांना कळलं होतं, की त्यांनी बिल्ला बघितला होता, रंग बघितलाच नव्हता.

माझं डोकं झपाट्यानं चाललं. चूक अंगावर घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी म्हणालो, “साहेब, मी एक करतो. दत्तूचा शर्ट घेऊन जातो, बिल्ला उसवतो, त्या जागी हिरवा भरून आणतो. सगळ्यांना सांगतो, की माझ्या यंत्रावर कोन बदलले, त्याच्या बाहीवर चुकून हिरवा गेला होता. दत्तूही वाचेल, तुम्हीही. माझी एक ऑर्डर जाईल, जाऊ दे.”

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी माझ्याकडे, नमुन्याकडे बघावं तसं, जरा लांबून बघितलं.

“तुम्हाला चूक अंगावर घ्यायची फार हौस आहे हो. ही माझी आहे. ती मला राहू द्या.”

“पण साहेब, सुरक्षेचं काम जाईल तुमचं. स्टोअरही काढून घेतील कदाचित.”

“आणि तुमचं ऐकलं, तर मी त्या शेडमध्ये तसाच फिरत राहीन. उद्या दुसऱ्या दत्तूला पाठवीन. त्या वेळी रॅकपाशी कोणी असलं तर कुठला बिल्ला उसवाल?”

ते उठले. “तुम्ही आणलेले शर्ट केबिनमध्ये घेऊन या. हिरवे-नारिंगी एकत्र मिसळून.”

केबिनमध्ये मॅनेजर होते, खैरनार होते, भिंतीला चिकटून दत्तू उभा होता. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. मॅनेजर दत्तूला विचारत होते, “तू नारिंगी आहेस हे तुला माहीत होतं ना?”

“माहीत व्हतं साहेब.”

“मग गेलास कशाला?”

“साहेब जा म्हनले. त्यास्नी बिल्ला दिसतच आसंल, मंग ते म्हनत्यात तर चालत आसंल, आसं वाटलं. मी तात्पुरता मानूस. नाय कसं म्हनू?”

मॅनेजर काही बोलणार तोच चांदवडकर साहेब टेबलापाशी आले. “साहेब, दोन मिनिटं. मी या शर्टांचे दोन ढीग लावतो. हिरवे इकडे, नारिंगी तिकडे.”

खैरनार हसले. “आता शर्टांच्या घड्या घालायला बसलात का?”

साहेब शर्ट उचलू लागले. एक इकडे, एक तिकडे. प्रत्येक शर्टाची बाही वळवून, नीट बघून, घाई न करता. पहिला बरोबर पडला. दुसरा चुकला. तिसरा चुकला. मॅनेजरांना वाटलं, यांचं लक्ष नाही. खैरनारांचं हसू मावळत गेलं. मला तो गठ्ठा उचलून पळून जावंसं वाटत होतं.

मग दत्तू भिंतीपासून पुढे आला. हिरव्यांच्या ढिगातला एक शर्ट त्यानं हळूच उचलला.

“साहेब, ह्यो नारिंगी हाय,” तो म्हणाला, आणि शर्ट दुसऱ्या ढिगावर ठेवला. जेवताना वडीलधाऱ्यांच्या पानात मीठ वाढायचं राहिलं तर आपण बोलतो, तितक्याच अदबीनं.

“बघितलंत?” चांदवडकर साहेब मॅनेजरांना म्हणाले. “हा खोटं बोलत नाही, आणि मला दिसत नाही. काल मीच पाठवलं त्याला.”

“तुम्हाला रंग दिसत नाहीत? इतकी वर्षं?”

“रंग दिसतात. हे दोन वेगळे दिसत नाहीत. नोकरीला लागताना कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुरक्षेचं काम मागून घेतलं तेव्हा मात्र सांगायला हवं होतं. ते सांगायला एक रॅक पडावा लागला.” मग ते दत्तूकडे वळले. “गांगुर्डे, काल सगळे तुला खोटारडा म्हणत होते तेव्हा मी गप्प होतो. मला खरंच वाटत होतं, तुझा बिल्ला हिरवा आहे. पण मी पाठवलं, हे तर मला माहीत होतं. तेवढं तरी मी बोलायला हवं होतं.”

दत्तूला काय करावं सुचेना. त्यानं उगाच त्या शर्टाची घडी पुन्हा घातली.

मी आयुष्यभर चुका कबूल करत आलो आहे. केलेल्या, न केलेल्या, दुसऱ्यांच्या. त्यात मला एक प्रकारचं सुखच मिळतं, हे आता मान्य करतो. कबूल केलं की लोक म्हणतात, अहो जाऊ द्या. त्या केबिनमध्ये पहिल्यांदा मी असा कबुलीजबाब ऐकला, ज्यात ‘जाऊ द्या’ म्हणवून घेण्याची इच्छाच नव्हती. त्यांना दत्तूची नोकरी वाचवायची होती, आणि शेडमधला धोका दाखवायचा होता. स्वतःचं काय होईल, हा त्यांच्या लेखी तिसरा मुद्दा होता.

खैरनार बाहेर मला गाठून म्हणाले, “आम्ही सारखं करा म्हटलं म्हणून हे झालं का हो?”

मी त्यांना समजावलं. मी दोन्ही रंगांचा उजेड सारखा केला होता. ज्याला रंगाचा फरक कळतो त्याला काही अडचण नाही. पण ज्याला तो कळत नाही, त्याला उजेडाच्या फरकावरच सगळं ओळखावं लागतं, आणि तोच फरक मी मेहनतीनं पुसून टाकला होता. खैरनारांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चांगलं करायला गेलो होतो आपण.” त्यांनी ‘आपण’ म्हटलं, याचं मला बरं वाटलं.

दत्तूची नोकरी राहिली, आणि पुढे तो कायमही झाला. चांदवडकर साहेबांकडचं सुरक्षेचं काम काढून घेतलं गेलं, स्टोअर राहिलं. शेडमधल्या सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली. तपासणीच्या आधीच क्रेन चालवणारा एक जुना माणूस आपणहून पुढे आला. “मला वरनं दोन्ही बिल्ले सारखेच दिसायचे,” तो म्हणाला. “वाटलं, उंचावरून सगळ्यांना तसंच दिसत असेल. साहेब बोलले म्हणून मीपण बोललो.” हे ऐकून मॅनेजर खुर्चीतून उठून उभेच राहिले, असं मला नंतर कळलं. त्या माणसाला क्रेनच्या केबिनमधून खाली आणून दुसरं काम दिलं गेलं, कमी प्रतिष्ठेचं नाही, याची काळजी खैरनारांनी घेतली.

बिल्ले मी बदलून दिले. रंगाचा नाद सोडला. दोन्ही एकाच हस्तिदंती धाग्यात, एक गोल आणि एक त्रिकोणी. कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही, आणि लांबून, वरून, कोणाच्याही डोळ्यांना वेगळे. साधी गोष्ट होती. रंग निवडण्याचा इतका अभिमान असलेल्या मला ती सुचली नव्हती.

राहिला चांदवडकर साहेबांचा स्वतःचा शर्ट. त्यावर नावाखाली ‘सुरक्षा’ असा शब्द होता, देवनागरीत, त्यांच्याच आग्रहानं मी भरलेला. तो त्यांनी माझ्या गाळ्यावर आणून दिला. “हे काढा.”

“नवा शर्ट देतो, साहेब.”

“शर्ट फाटलेला नाही. शब्द काढा.”

भरतकाम काढायचं तर मागच्या बाजूनं पातं फिरवून खालचा दोरा कापतात, मग पुढचे टाके चिमट्यानं उचलतात. हे काम मी कोणाला दिलं नाही. एकेक अक्षर करत मीच काढलं. सुईची भोकं वाफेनं मिटवली. धागा सगळा निघाला, पण शब्द गेला नाही. दोन-तीन वर्षं धुऊन, वाळवून शर्ट विटला होता आणि टाक्यांखालचं कापड तेवढं पहिल्यासारखं गडद राहिलं होतं. फिक्या निळ्यावर गडद निळ्या अक्षरांत ‘सुरक्षा’ स्वच्छ वाचता येत होतं.

मी शर्ट घेऊन स्टोअरच्या खिडकीपाशी गेलो, आणि सवयीप्रमाणे माफी मागितली. “हे जात नाही, साहेब. माझ्या हातात नाही.”

त्यांनी हात लांब करून शर्ट धरला आणि बघितलं.

“निळ्यावर निळं,” ते म्हणाले. “असा नमुना तुम्ही आणला असतात तर मी परत पाठवला असता.”

मग त्यांनी तो शर्ट अंगात घातला, बटणं लावली, आणि हातमोज्यांसाठी खोळंबलेल्या माणसांसाठी खिडकीची झडप वर केली.